सरळ म्हणजे किती वाकडा?

ट्रॅव्हल ट्रेलर विकत घ्यायला गेलेला माणूस ट्रेलरच्या खाली कधी वाकून बघत नाही. तो आत शिरतो, गादीवर बसून दोनदा उसळी मारतो, फ्रिज उघडून बंद करतो, न्हाणीघरात उभं राहून डोकं छताला लागतंय का ते पाहतो. बायको ओट्याची लांबी वितीनं मोजते आणि "एवढ्यात पोळ्या लाटायच्या कुठे?" असं विक्रेत्याला न कळणाऱ्या भाषेत विचारते. विक्रेता शहाणा असतो. तो एक बटण दाबतो, बाजूनं कनात हळूहळू बाहेर सरकते, तिच्या कडेला निळे दिवे लागतात आणि सौदा पक्का होतो. हा सगळा चूल-बिछाना ज्या एका पोलादी नळीवर, म्हणजे ॲक्सलवर, उभा असतो, ती लहान ट्रेलरखाली अडीच इंचांहूनही बारीक असते. तिला दिवे नसतात.

या ट्रेलरांचं माहेर म्हणजे इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर तिथे नाहीतर आसपासच्या गावांत बनतात. त्यांचं एक संग्रहालयही तिथे आहे. गंमत अशी की त्या भागात आमिश लोकांची मोठी वस्ती आहे आणि ट्रेलरच्या कारखान्यांत त्यातले कितीतरी जण कामाला असतात. धर्माच्या शिस्तीपायी हे लोक स्वतःची मोटार बाळगत नाहीत. घरी घोडा आणि बग्गी. म्हणजे ज्याला आस, चाक आणि ओझं यांचं नातं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे तो ट्रेलर बनवून बग्गीत बसतो, आणि ज्यानं आयुष्यात बग्गीखाली डोकावलेलं नाही तो ट्रेलर घेऊन सहलीला निघतो.

आमचे साडू या दुसऱ्या जमातीतले. मुक्काम डेट्रॉइटचं उपनगर. तिथल्या मराठी वस्तीत दगड भिरकावला तर तो मोटार-इंजिनिअरला लागतो, आणि लागला नाही तर त्याच्या बायकोला लागतो, तीही इंजिनिअरच असते. साडूंनी एका निवृत्त जोडप्याकडून सतरा फुटी ट्रेलर घेतला. जुना, पण नीट राखलेला. त्या जोडप्यानं वर्षानुवर्षं त्यात दोन खुर्च्या, दोन कप आणि एक म्हातारं कुत्रं एवढंच नेलं होतं. ॲक्सलला त्यामुळे आयुष्य म्हणजे काय याची कल्पनाच नव्हती.

ट्रेलरच्या दाराजवळ एक स्टिकर असतो. तो सगळे बघतात आणि वाचत कुणी नाही. या ट्रेलरच्या ॲक्सलची ताकद ३५०० पौंड. रिकामा ट्रेलर त्यातले २९०० आधीच खाऊन बसलेला. राहिले ६००. पाण्याची टाकी ३० गॅलनची. गॅलनभर पाणी भरतं साधारण ८.३ पौंड, म्हणजे टाकी भरली की अडीचशे गेले. गॅसच्या दोन टाक्या आणि बॅटरी मिळून सव्वाशे. उरले सव्वादोनशे पौंड, आपल्या भाषेत शंभर किलो. एकूण वजनाचा दहा-पंधरा टक्के भार हिचवरून ओढणाऱ्या गाडीच्या अंगावर जातो, तेवढीच काय ती मेहेरबानी.

आता शंभर किलोंत मराठी कुटुंबाची सहल बसवून दाखवा.

कुकर दोन, कारण वरण-भाताच्या कुकरात उसळ होत नाही. बिडाचा तवा. बिडाचंच आप्पेपात्र. कणकेची वीस पौंडी पिशवी, तांदळाची तेवढीच. "पाचच दिवस तर जायचंय" म्हणून पोह्यांचा फक्त अर्धा डबा. लोणच्याची बरणी चिनीमातीची, कारण प्लॅस्टिकमध्ये खार लागतो. कॅरम बोर्ड, त्याचा स्टँड, आणि वाळूत स्टँड हलू नये म्हणून त्याखाली ठेवायला दोन फरश्या. या फरश्या मी स्वतः पाहिल्या आहेत. जनरेटर. घडीच्या खुर्च्या; येणारे सहा, पण शेजारच्या तंबूतलं कुणी चहाला आलं तर म्हणून दहा. मिशिगनमध्ये सरपण एका ठिकाणाहून दुसरीकडे नेऊ नये असं बजावतात, कारण ॲशची झाडं पोखरणारा हिरवा किडा २००२ साली डेट्रॉइटजवळच पहिल्यांदा ओळखला गेला आणि पुढे लाकडांबरोबर देशभर पोचला. त्या किड्याचे उपकार, म्हणून सरपण तेवढं घरी राहिलं.

त्यात मिशिगनचे रस्ते. अमेरिकेत खड्डे नसतात ही समजूत गावाकडे अजून टिकून आहे, ती मिशिगनमधल्या मार्च महिन्यात कुणी बघायला येत नाही म्हणून. हिवाळाभर भेगांत शिरलेलं पाणी गोठतं, फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं, आणि बर्फ गेल्यावर रस्ता आपले दात दाखवतो. भरलेला ट्रेलर ताशी साठ मैलांनी अशा खड्ड्यात आदळला की त्या क्षणापुरतं ॲक्सलवरचं ओझं स्टिकरवरच्या आकड्याच्या कितीतरी पट होतं. आत बशी फुटली तर आवाज येतो. नळी वाकली तर काही आवाज येत नाही.

ती वाकल्याचं पहिल्यांदा कळलं तात्यांना. तात्या म्हणजे साडूंचे वडील, सांगलीकडचे. व्हिसावर सहा महिने आलेले. हयात उसाच्या ट्रॉल्या भरण्यात आणि मोडलेल्या ट्रॉल्यांच्या खाली झोपण्यात गेलेली. अमेरिकेत त्यांना करायला काही नव्हतं, म्हणून रोज सकाळी चहा झाला की ते दारातल्या ट्रेलरला एक प्रदक्षिणा घालत. एका सकाळी ते चाकाजवळ उकिडवे बसले आणि टायरवरून बाहेरून आत तळवा फिरवत नेला. बाहेरच्या अंगाला नक्षी जशीच्या तशी. नव्या टायरवर असतात ते रबराचे बारीक केसही एकदोन शिल्लक. मध्यापर्यंत ठीक. मध्य ओलांडला की नक्षी पुसट, मग गुळगुळीत, आणि अगदी आतल्या काठावर रबर फाटून पोलादाच्या गंजलेल्या तारांची कुसळं वर आलेली. तात्यांनी बोट झटकलं.

"आरं, ह्यो आस दबलाय," ते म्हणाले. "किती वज्जं घातलं हुतं?"

साडू म्हणाले, "तात्या, टायर खराब असेल. चायनाचा आहे."

तात्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी दोन पावलं मागं जाऊन ट्रेलरच्या मागच्या बाजूला बैठक मारली आणि दोन्ही चाकांकडे बराच वेळ पाहिलं. तिथून पाहिलं की कुणालाही दिसलं असतं. दोन्ही चाकांचे माथे आत झुकले होते.

रविवारी इंजिनिअर जमले. बोलावलं कुणी नव्हतं. ट्रेलरचा ॲक्सल वाकलाय ही बातमी आणि ताईंकडे, म्हणजे साडूंच्या बायकोकडे, मिसळ आहे ही बातमी एकाच संदेशातून गेली होती. त्यातला एक मोटारीच्या सीटचा माणूस, त्यातही पाठीच्या कोनाचा. दुसरा दरवाजाच्या रबरी पट्टीतला जाणकार. तिसरा सॉफ्टवेअरचा, त्यानं खाली वाकून बघितलं आणि "याला अपडेट येत नाही का?" असं विचारलं. एक जण पुण्याच्या सीओईपीचा, एक माटुंग्याच्या व्हीजेटीआयचा, त्यामुळे पहिला अर्धा तास ॲक्सल बाजूलाच राहिला. मग पुण्याच्या माणसानं ट्रेलर उचलायला जॅक नेमका नळीच्या मध्यावर लावला आणि तात्या ओरडले. तात्यांचं बरोबर होतं. लहान ट्रेलरचा जॅक चौकटीला लावायचा, नळीला नाही. वाकलेल्या नळीला मध्येच रेटा देणं म्हणजे रोग्याला तपासायच्या आधी टाके घालणं.

जमलेल्यांत एक खरोखरच सस्पेन्शनवाला होता आणि त्याला खरोखरच माहिती होती. दुर्दैवानं त्यानं सुरुवात न्यूटनपासून केली. मिसळ संपेपर्यंत तो बलांच्या आकृतीपर्यंत पोचला होता. त्याच्या तासाभराच्या बोलण्याचा अर्क असा: समोरून पाहिलं तर चाकाचा माथा आत कललाय की बाहेर, तो कॅम्बर. वरून पाहिलं तर दोन चाकांची नाकं एकमेकांकडे वळलीत की एकमेकांवर रुसलीत, तो टो. कॅम्बर बिघडला की टायर एका काठानं झिजतो. टो बिघडला की चाक धड फिरतही नाही आणि धड थांबतही नाही, सगळा रस्ता जरा जरा फरफटत जातं आणि टायर भराभर संपतो. मोटारीत हे दोन्ही दुरुस्त करायला बोल्ट असतात. ट्रेलरच्या ॲक्सलला बोल्ट नसतो. नळी आहे तशी आहे. दुरुस्ती म्हणजे ती वाकवणं, दुसरा इलाज नाही.

म्हणून तर गावातल्या व्हील अलाइनमेंटच्या दुकानांनी ट्रेलर म्हटल्यावर फोन ठेवला. ट्रेलर विकणाऱ्याकडे विचारलं तर उत्तर एका शब्दाचं: बदला. नवा ॲक्सल तसा महाग नाही, काही शे डॉलरांचं काम. पण तो मापाचा बनवून घ्यायचा, आणि ऐन हंगामात माप देऊन आठवडे मोजत बसायचं. इकडे सरकारी उद्यानातली मुक्कामाची जागा सहा महिने आधी बुक केलेली. मिशिगनमध्ये ही बुकिंगं सहा महिने आधी खुली होतात आणि चांगल्या जागा भल्या सकाळी उडून जातात. ताईंनी त्यासाठी गजर लावून, दोन फोन आणि एक लॅपटॉप घेऊन टाक्वामेनॉन धबधब्याजवळची जागा मिळवली होती. ॲक्सलपायी ती सोडायची, ही कल्पना घरात मांडायचं धाडस कुणात नव्हतं.

मग कुणीतरी एका वेल्डरचा पत्ता काढला. तासाभरावरच्या खेड्यात, मक्याच्या शेताकडेला पत्र्याची शेड. माणूस मुळात शेतकरी. गुरांचे ट्रेलर, गवताच्या गाड्या, नांगराचे फाळ, जे येईल ते जोडणारा. डोक्याला टोपी, टोपीवर बियाणं कंपनीचं नाव. साडूंच्या मागोमाग तीन गाड्यांतून इंजिनिअर उतरले तेव्हा त्यानं विचारलं, "तपासणीला आलात का?"

त्यानं खाली शिरून पहिली गोष्ट पाहिली ती पाटे आणि यू-बोल्ट. पाटा तुटला किंवा सरकला असेल तरी चाक तिरकं दिसतं, आणि मग नळीला उगाच शिक्षा होते. पाटे ठीक होते. मग ॲक्सल कुठल्या जातीचा ते पाहिलं. आत रबराच्या कांड्या असलेला टॉर्शनचा ॲक्सल असता तर तो हात लावणार नव्हता. तिथे वेल्डिंगची धग लागली की रबर संपलं. हा साधा पाट्यांवरचा निघाला. मग त्यानं टेपचं एक टोक पुढे हिचच्या कपलरच्या मध्यावर धरायला सीटवाल्याला सांगितलं आणि दुसरं आधी डाव्या चाकाच्या टोकाला, मग उजव्या चाकाच्या टोकाला नेलं. दोन्ही अंतरं सारखी हवीत. पाव इंचाचा फरक आला. "खड्डा उजवीकडचा होता," तो म्हणाला. साडू चकित झाले. खड्डा उजवीकडचाच होता.

टो मोजण्याची त्याची पद्धत बघण्याजोगी. सॉफ्टवेअरवाल्यानं खिशातून लेझरचं यंत्र काढलं होतं, ते परत खिशात गेलं. वेल्डरनं चौकटीला आधार देऊन चाकं अधांतरी केली, टायर हातानं फिरवला आणि फिरत्या टायरच्या पोटावर खडू धरला. पांढरा पट्टा उमटला. मग लाकडाच्या ठोकळ्यात ठोकलेला खिळा त्या पट्ट्याला टेकवून टायर पुन्हा एक फेरा फिरवला. पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ, तंतोतंत गोल. टायर कितीही वेडावाकडा असो, ही रेघ चाकाच्या फिरण्याशी इमानी. दोन्ही टायरवर रेघा आखून त्यानं आसाच्या उंचीला पुढच्या बाजूनं रेघ ते रेघ अंतर घेतलं, मग मागच्या बाजूनं. ही दोन अंतरं जवळजवळ सारखी हवीत. इंचाच्या आठव्या भागापलीकडे फरक गेला की टायर बोंबलायला लागतो. इथे फरक त्याच्या तिप्पट. सस्पेन्शनवाला गप्प उभा राहून बघत होता. "आम्ही यासाठी दोन मिलियनचं यंत्र वापरतो," तो हळूच म्हणाला.

नळी वाकवण्याचं काम थंडच करायचं. गॅसची ज्योत लावून लाल करून वाकवली तर सहज वळते आणि पुढच्या खड्ड्यात तितक्याच सहज परत वळते, कारण पोलादाचा कस गेलेला असतो. त्यानं ॲक्सलच्या खाली जाडजूड आय-बीम आडवा ठेवला, दोन्ही टोकांना साखळ्यांनी नळीशी जखडला, मध्ये वीस टनी जॅक बसवला. नळी चेपू नये म्हणून जॅकच्या डोक्यावर अर्धगोल खोबणीचा ठोकळा. आणि दांडा मारायला लागला. साखळ्या ताणून गप्प झाल्या. नळी वर आली. जॅक सोडला. नळी परत खाली गेली. पोलादाचा स्वभावच हा; जितकं हवं त्याच्या पुढे नेल्याशिवाय ते हवं तिथे थांबत नाही. पुन्हा जॅक, पुन्हा दांडा, पुन्हा टेप. दर वेळी थोडं जास्त.

नळी सरळ झाली तेव्हा इंजिनिअरांनी टाळ्या वाजवल्या. वेल्डरनं त्यांच्याकडे पाहिलं आणि दांडा मारतच राहिला.

नळी मध्यात वर उचलली जाऊ लागली. चाकांचे माथे आता बाहेर कलले.

"आरं थांबीव त्येला!" तात्या पुढे झाले. "सरळ कराय दिला हुता, ह्यानं उलटा वाकीवला! पैसं दिऊ नगंस!"

तात्यांची चूक नव्हती. त्यांच्या ट्रॉलीचा आस भरीव चौकोनी पोलादाचा, सुतासारखा सरळ. वाकला की वाकला. इथला हिशेब निराळा. मांडणीची फळी डब्यांच्या भारानं मध्यात लवते हे ठाऊक असलेला सुतार ती मुळातच थोडी वर उचललेली बसवतो, म्हणजे डबे ठेवल्यावर ती सपाट दिसते. ॲक्सल कारखान्यातूनच असा येतो, मध्यात किंचित वर चढलेला. ट्रेलरचं ओझं पाट्यांवर आलं की तो खाली बसतो आणि चाकं उभी राहतात. रिकाम्या ट्रेलरखाली जो सरळ दिसतो तो भरल्यावर वाकडा होणार. म्हणून चांगल्या ॲक्सलला आधी वाकडं असावं लागतं. हे तात्यांना मराठीत समजावण्याचं काम सस्पेन्शनवाल्याकडे आलं. त्यानं या वेळी न्यूटन वगळला. तात्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंजे ह्येनला म्हाईतीच हाय की लोक जादा भरणार."

यावर कुणाला काही बोलता आलं नाही.

मग मजबुती. नळीच्या खालच्या अंगाला, मध्यापासून दोन्हीकडे पाट्यांपर्यंत, लोखंडी अँगल जोडायचा. ओझ्यानं नळी लवते तेव्हा ताण येतो तो खालच्या अंगाला, म्हणून आधार तिथे. जुन्या रेल्वेडब्यांच्या पोटाखाली याच कामासाठी ताणलेल्या सळया असत. वेल्डिंगला बसण्याआधी वेल्डरनं अर्थिंगचा चिमटा थेट नळीलाच लावला. चाकाला लावला तर वीज बेअरिंगमधून वाट काढते आणि आतल्या रोलरांवर ठिणग्यांचे खळगे पाडते. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. रबरी पट्टीवाल्यानं विचारलं म्हणून कळलं. वेल्डिंगही सलग नाही. दोन इंच इकडे, दोन इंच पलीकडे, मग थांबून थंड होऊ द्यायचं. वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. एका दमात सगळं जोडलं असतं तर जॅकनं कमावलेलं सगळं माप पुन्हा पळालं असतं. काही कारागीर तर या ओढीचाच उपयोग करून, जिथे हवा तिथे वेल्डचा पट्टा टाकून नळी वळवतात. हा माणूस तसा नव्हता. "साखळी खोटं बोलत नाही," तो म्हणाला, आणि थंड झाल्यावर पुन्हा खडू, पुन्हा खिळा, पुन्हा टेप.

व्हीजेटीआयवाल्यानं विचारलं, हे सगळं कुठे लिहून ठेवलंय का? वेल्डरनं शेडच्या पत्र्याकडे बोट दाखवलं. तिथे खडूनं एक फोन नंबर आणि "गुरुवारी डुकरं" असं लिहिलं होतं.

पैसे घेताना त्यानं साडूंना दोन गोष्टी सांगितल्या. चाकांचे नट पन्नास मैलांनंतर पुन्हा आवळून घे. आणि नळी आता मजबूत आहे म्हणून ट्रेलर मजबूत झालेला नाही. टायर, पाटे, बेअरिंग, चाकाचं टोक, सगळी त्याच जुन्या ३५०० पौंडांचीच आहेत. स्टिकर बदललेला नाही. साडूंनी मान डोलावली. ताईंना फोनवर त्यांनी यातलं एकच वाक्य सांगितलं, आणि ते "नळी आता मजबूत आहे" हे होतं.

त्याचे परिणाम निघायच्या दिवशी दिसले. कनातीच्या पेटीत कलिंगड होतं. मी वजन करून घेऊ म्हटलं तर साडू म्हणाले, मॅकिनॉ पुलावर वारा असतो, हलका ट्रेलर उडतो. तो पूल पाच मैलांचा, १९५७ साली खुला झालेला, खाली दोन महासरोवरांचं पाणी. वारा फार चढला की ट्रेलरवाल्यांना तिथे थांबवतात हेही खरं. पण वाऱ्यावर उपाय म्हणून कलिंगड नेतात हे मी प्रथमच ऐकलं.

शेवटी ताईंनीच बाजू घेतली आणि हमरस्त्यावरच्या ट्रक स्टॉपवर गाडी काट्यावर चढवायला लावली. तिथले काटे पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर यांचं वजन वेगवेगळं छापून देतात. ट्रेलरच्या ॲक्सलपुढे आकडा होता ३७४०.

"दोनशे चाळीस जास्त," साडू म्हणाले. जागच्या जागी चर्चा सुरू झाली. फरश्या काढायच्या तर कॅरम हलतो. कणीक काढायची तर खायचं काय? कलिंगडाचं नाव घेताच नातवंडं रडायला लागली. तात्या खिडकीबाहेर बघत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "टाकीतलं पानी सोडा. तिथं नळ न्हाई व्हय?"

अडीचशे पौंड पाणी ट्रक स्टॉपच्या कडेच्या गवतात गेलं. ट्रेलर पुन्हा काट्यावर. दुसऱ्यांदा वजन करायला कमी पैसे लागतात हे कळल्यावर साडूंचा चेहरा आणखी खुलला. आकडा आला ३४९०.

"म्हणजे दहा पौंड शिल्लक?" ताईंनी विचारलं.

"दहा."

"माझा खलबत्ता नऊ पौंडांचा आहे," त्या म्हणाल्या. "बिडाचा. निघताना मी मुद्दाम तोलून ओट्यावर ठेवलाय. घर अजून वीसच मैल मागे आहे."

साडूंनी पुढच्या एक्झिटला गाडी वळवली.